अकरा आठवडे

रांगेशी गाडी लावून मॅव्हिस टॉलिव्हरने काच खाली केली, नेहमीच्या आवाजात "पेंटॅगॉन, दोघं" म्हणाली, आणि रांगेत दुसरी उभी असलेली बाई पाहून तिचा हात बटणावरच राहिला. लिनेट प्रुइट. नऊ वर्षांत ह्या बाईशी कुठे गाठ पडेल ह्याची मॅव्हिसने मनात किती ठिकाणं ठरवून ठेवली होती. कुणाच्या तरी मयतीला चर्चमध्ये, किराणा दुकानात, कोर्टाच्या पायऱ्यांवरसुद्धा. प्रत्येक ठिकाणी काय बोलायचं तेही तिला तोंडपाठ होतं. वुडब्रिजच्या पार्किंगमध्ये, पावणेसहाला, धड उजाडलेलंही नसताना, हे मात्र तिच्या यादीत नव्हतं. लिनेट वाळली होती. केस अगदी बारीक कापलेले, कोट तोच उंटाच्या रंगाचा, फक्त एक बटण निराळं. पुढच्या सीटवर एक सार्जंट येऊन बसला, टोपी मांडीवर ठेवून. लिनेट मागे बसली, पट्टा लावता लावता तिने आरशात पाहिलं, आणि "गुड मॉ" एवढंच तिच्या तोंडून निघालं, उरलेलं तिने गिळलं. मॅव्हिसने गाडी काढली. करणार काय? रांगेत निवड नसते. जो पुढे उभा तो बसणार. आज हिला नेत नाही असं म्हणणाऱ्या चालकाला त्या पार्किंगमध्ये पुन्हा तोंड दाखवायला जागा उरत नाही.

ह्या रांगेच्या रीती कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत, पण रविवारच्या प्रवचनापेक्षा जास्त पाळल्या जातात. गाडीत तीन माणसं असली की हमरस्त्यावरची जलद मार्गिका फुकट, नसली तर सकाळच्या घाईत तीस-पस्तीस डॉलर मोजा. म्हणून परकी माणसं परक्या माणसांच्या गाडीत बसतात आणि वीस मैल एकमेकांशी बोलत नाहीत. चालक बोलला तरच बोलायचं. नाव विचारायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, काचेला हात लावायचा नाही. मॅव्हिसला हे मौन आवडायचं. दिवसभर डोळ्यांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसून लोकांचे विम्याचे प्रश्न ऐकायचे, त्याआधीची ही चाळीस मिनिटं तिची स्वतःची असत. आज मात्र त्या मौनाला मागच्या सीटवरून श्वास फुटला होता. तिच्या मानेवर, केसांच्या मुळाशी, कुणीतरी बोट ठेवल्यासारखं होत होतं. आणि हे सगळं नेमकं आजच का, हे तिला कळत नव्हतं, कारण आज दहा वाजता ती लिनेट प्रुइटबद्दलच बोलणार होती.

शनिवारी तिच्या दारात एक कार्ड खोचलेलं सापडलं होतं. कृपया फोन करा, आणि खाली एका चौकशी अधिकाऱ्याचं नाव, बेल्नॅप. असली कार्डं ती ओळखायची. ह्या भागात जन्म काढलेल्या कुणालाही ती ओळखता येतात. शेजारच्या मुलाला संरक्षण खात्यात नोकरी लागायची असली की असं कार्ड येतं, मग कुणीतरी सभ्य माणूस येऊन बसतो आणि विचारतो, मुलगा पितो का, ऐपतीबाहेर खर्च करतो का, त्याला कुणी विकत घेऊ शकेल असं वाटतं का. फोनवर बेल्नॅप म्हणाला, "लिनेट प्रुइट यांची फेरतपासणी चालू आहे, मॅडम. त्यांच्याबरोबर काम केलेल्या जुन्या लोकांना भेटतोय. तुम्ही ओळखता ना त्यांना?" मॅव्हिस म्हणाली, ओळखते, आणि फोन ठेवून स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून ती हसली. इतकी हसली की खालच्या भाडेकरूने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. मग चार दिवस तिने डोकं खाजवलं. सांगायचं काय? मनात विष भरपूर होतं, पण ती माणसं विष लिहून घेत नाहीत. ती विचारतात, तुम्हाला हे कसं कळलं, केव्हा, कुठे. नऊ वर्षांत लिनेटच्या आयुष्यात काय घडलं ह्यातलं मॅव्हिसला एक अक्षर ठाऊक नव्हतं. ती कपटी आहे, हे सांगायचं? खुर्चीसाठी ती मैत्रिणीचा केसाने गळा कापते, हे? बेल्नॅप मान हलवून पुढच्या प्रश्नाकडे वळला असता.

ऑकोक्वान नदीचा पूल आला आणि गेला. सार्जंटने कानात गाणी ऐकायची बोंडं घातली, डोकं काचेला टेकवलं. एकेकाळी मॅव्हिस ह्याच वाटेने जायची, पण तेव्हा ती फोटो वाचायची. फार उंचावरून काढलेले, परक्या वाळवंटांचे आणि बंदरांचे फोटो. परवा इथे सहा मालमोटारी होत्या, आज सात आहेत, आणि सातवीची सावली तिच्या लांबीपेक्षा आखूड का पडते, असले प्रश्न. एकोणीस वर्षं. त्या कामावर तिचा जीव होता, आणि ते काम गुप्त माहिती पाहायच्या एका परवान्यावर उभं होतं, ज्याला सगळे नुसतं क्लिअरन्स म्हणतात. क्लिअरन्स असेपर्यंत तुम्ही माणूस. गेला की दारावरचा शिपाई तुमच्याकडे फेरीवाला आल्यासारखं पाहतो. लिनेट पलीकडच्या टेबलावर बसायची. दोघी एकाच साली लागलेल्या, दोघी गावाकडून आलेल्या, त्या मजल्यावर दोघीच काळ्या. दर गुरुवारी दोघी उपाहारगृहात खेकड्याचं सूप घेत, कारण गुरुवारीच ते खाण्यालायक असायचं. दोघींचं मेतकूट असं जमलं होतं की वरिष्ठ त्यांना एकाच नावाने हाक मारत आणि मग ओशाळत.

मग एमेटची गाडी आली. एमेट मॅव्हिसचा नवरा, हाताला चव होती पण डोक्यात हिशेब नव्हता. धुरावर भाजलेलं मांस विकायची फिरती गाडी घेतो म्हणाला, आणि घेतली, सगळी मॅव्हिसच्या कार्डांवर, कारण पत तिची होती. पहिल्या उन्हाळ्यात लोक रांगा लावून खायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात शीतपेटी बिघडली, चाळीस पौंड मांस नासलं, नगरपालिकेने दंड ठोकला, आणि डिसेंबरमध्ये एमेट गाडी विकून, पैसे घेऊन, जॉर्जियातल्या बहिणीकडे "थोडे दिवस" राहायला गेला. एक्केचाळीस हजार डॉलर मॅव्हिसच्या नावावर उरले. चार हप्ते चुकले तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती भीती पैशाची नव्हती. कर्जात बुडालेला माणूस विकत घेता येतो, असं खातं मानतं. खात्याचं फारसं चुकतही नाही. नियम असा की आपणहून जाऊन सुरक्षा अधिकाऱ्याला सांगायचं. तो नियम मॅव्हिसला पाठ होता, वर्षातून एकदा त्या कागदावर ती सही करायची. तरी एका गुरुवारी, सूप निवत असताना, तिने लिनेटला विचारलं: जाऊन सांगू का?

"वेड लागलंय का तुला?" लिनेट म्हणाली होती. आवाज अगदी हळू, हात मॅव्हिसच्या मनगटावर. "आपल्यासारखींकडे ते आधीच भिंग घेऊन बघतात. तू आपल्या पायाने जाऊन त्यांच्या हातात भिंग देणार? थांब. कराचे पैसे परत येतील, दोन हप्ते भर, मग सांगायची वेळच येणार नाही. कोण बघतंय?" मॅव्हिस थांबली. पुढच्या गुरुवारी लिनेटने पुन्हा विचारलं, सांगितलं नाहीस ना? शहाणी आहेस. त्याच्या पुढच्या गुरुवारीही विचारलं. असे अकरा आठवडे. बाराव्या आठवड्यात मॅव्हिसला खाली बोलावलं, तिच्या गळ्यातला बिल्ला काढून घेतला, आणि तिचा डबा, चप्पल आणि आईचा फोटो एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दिला. पुढे परवान्याच्या सुनावणीत एक म्हातारा न्यायाधीश तिच्याशी फार चांगला वागला. तो म्हणाला, कर्जाचं मला फारसं काही वाटत नाही, नवऱ्याने बुडवलं ते तुमच्या हातात नव्हतं, आणि अशी माणसं मी दर आठवड्याला सोडतो. पण तुम्हाला नियम ठाऊक होता आणि अकरा आठवडे तुम्ही तोंड उघडलं नाही. हे मला ओलांडता येत नाही. मॅव्हिसने तेव्हा लिनेटचं नाव घेतलं नाही. मैत्रीण होती ना.

परवाना गेला, तशी नोकरी गेली, मग डेल सिटीतलं घर. दोन वर्षांनी तिने आपली फाईल मागवली. मागितली की देतात, फक्त नावांवर काळी पट्टी मारून. जाड पाकीट आलं. ती जेवणाच्या टेबलावर बसून वाचत गेली, आणि चौतिसाव्या पानावर थांबली. एका काळ्या पट्टीने सांगितलं होतं की मॅव्हिस टॉलिव्हर कर्जात आहे आणि ते लपवण्याचा तिचा इरादा आहे. पुढे लिहिलं होतं: स्रोत व संबंधित व्यक्ती गुरुवारी एकत्र सूप घेतात. नाव झाकणाऱ्याला सूप झाकायचं सुचलं नव्हतं. आणि तारीख होती पहिल्या गुरुवारानंतरच्या सोमवारची. म्हणजे थांब म्हणाल्यावर चौथ्या दिवशी लिनेट खाली जाऊन सांगून आली होती, आणि त्यानंतर दहा गुरुवार तिच्यासमोर बसून, सांगितलं नाहीस ना, शहाणी आहेस, म्हणत होती. खातंही थांबलं होतं, ही आपणहून येते का बघत. सगळ्या जगाला ठाऊक होतं, फक्त मॅव्हिस तोंडात मूग धरून बसली होती. त्या वसंतात विभागप्रमुखाची जागा निघणार होती आणि नावं दोनच होती. जागा कुणाला मिळाली हे विचारायची गरज तिला पडली नाही. ती रात्रभर त्या टेबलाशी बसली, रडली नाही. उलट अंगात एक स्वच्छ, गार ताकद आल्यासारखं तिला वाटलं. तेव्हापासून ती ताकद तिला सकाळी उठवत होती. डॉक्टर रक्तदाब म्हणत होता. मॅव्हिसला वाटायचं, त्याला काय कळतंय.

"मॅव्हिस."

लिनेट बोलली. सार्जंटचं तोंड उघडं पडलं होतं, त्याच्या कानातून ढोलाचा बारीक आवाज येत होता. बसणाऱ्याने आधी बोलायचं नसतं. मॅव्हिसने आरशात पाहिलं नाही.

"मला ठाऊक आहे, बोलायचं नसतं. पण तू भेटलीस, आणि मला... अगं, मी रात्र रात्र झोपत नाही. तुलाच कळेल. दुसऱ्या कुणाला कळायचं नाही."

"काय कळेल?"

"जेरोड." जेरोड तिचा मुलगा, मॅव्हिसला तो दुधाचे दात पडलेला आठवत होता. "फोनवर जुगार खेळतो. फुटबॉलवर, बास्केटबॉलवर, कुठल्या तरी देशातल्या टेबल टेनिसवर सुद्धा. आधी त्याचे फेडले, मग त्याचे फेडायला घेतलेले फेडले. शेवटी गाडीची कागदपत्रं गहाण टाकली. गाडी गेली सोमवारी. म्हणून रांगेत."

"किती?"

"साठच्या वर." तिने नाक ओढलं. "हजार."

मॅव्हिसच्या हाताखाली चाक एकदम हलकं झालं. गाडी लॉर्टन ओलांडत होती. उजवीकडे साध्या मार्गिकांत गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, लाल दिव्यांची नुसती दाटी.

"खात्यात सांगितलंस?"

"नाही ना. तेच तर." मागचा आवाज पुढे आला, लिनेट दोन सीटांच्या मधल्या फटीत वाकली होती, तिच्या श्वासाला पुदिन्याच्या गोळीचा वास होता. "आता संगणकच बघत असतो म्हणे, सारखा. माझी फेरतपासणी निघालीय. दोन वर्षांनी निवृत्ती आहे, मॅव्हिस, दोनच वर्षं. तू ह्यातून गेलीस. तू सांग. जाऊन सांगून टाकू, की आणखी थोडं थांबू? फेब्रुवारीत कराचे पैसे येतील."

देव आहे, असं मॅव्हिसला वाटलं. रविवारी ज्याच्यापुढे ती गाते तो नव्हे; दुसरा कुणीतरी, जो फाईली वाचतो. चार दिवस ती शोधत होती ते तिच्या मानेमागे आपल्या पायाने येऊन बसलं होतं. आणि ती बाई विचारत होती काय, तर तेच! नऊ वर्षांपूर्वी आपण काय सांगितलं होतं ते हिच्या ध्यानातही नसेल का? की आहे, आणि तरी विचारते, कारण मॅव्हिस म्हणजे भोळी, मॅव्हिसला काय कळलंय? खरं उत्तर मॅव्हिसला झोपेतही देता आलं असतं. आज जा. आत्ता जा, आठ वाजता दार उघडेल तेव्हा दारात उभी राहा. मुलाचं व्यसन तुझ्या हातात नव्हतं, हप्ते बांधून घे, तू सुटशील. पाच-सहा वाक्यं. ती तिच्या जिभेवर आली, आणि तिने ती चघळून बाजूला सारली.

"थांब," ती म्हणाली. "आत्ता सांगितलंस तर त्यांच्या हातात कोलीत. दोन हप्ते भर, मग बघू. कोण बघतंय?"

लिनेटने सुस्कारा सोडला. तिचा हात पुढे आला आणि मॅव्हिसच्या खांद्यावर क्षणभर टेकला. "तू फार मोठ्या मनाची आहेस," ती म्हणाली. त्या हाताखाली मॅव्हिसची कातडी आक्रसली, पण ती हलली नाही. पेंटॅगॉनच्या थांब्यावर सार्जंट दचकून उठला, "थँक यू, मॅम" म्हणून गेला. लिनेट उतरली, वाकून काचेतून हसली. त्या हसण्यात तिचा वरचा एक दात नाही हे मॅव्हिसच्या लक्षात आलं. पुढच्या सिग्नलला ती एकटीच मोठ्याने म्हणाली, "जा आता. जा मर." आणि गाणं लावलं. कित्येक वर्षांत सकाळ इतकी चवदार लागली नव्हती.

बेल्नॅप बरोबर दहाला आला. साठीचा, पोलिसातून निवृत्त झालेला, बुटांना पॉलिश, डाव्या हाताने लिहिणारा. दवाखान्याच्या मागच्या खोलीत मायक्रोवेव्हशेजारी ते बसले. तो एकेक प्रश्न खाली ठेवत गेला आणि मॅव्हिस एकेक उत्तर. किती वर्षांची ओळख? दारू? नाही. परदेशी नातेवाईक? नाहीत. मग त्याने विचारलं, "पैशाच्या अडचणी? काही ठाऊक आहे?" आणि मॅव्हिसने सांगितलं. मुलगा, जुगार, कर्जावर कर्ज, गहाण गाडी, साठ हजार. तिने एकही शब्द वाढवून सांगितला नाही. वाढवायची गरजच नव्हती. बेल्नॅपचं पेन चालत होतं, तिला त्याचा आवाज गोड लागत होता.

"हे कधी कळलं, मॅडम?"

"आज सकाळी. सव्वासहाच्या सुमारास. माझ्या गाडीत. ती स्वतःच म्हणाली."

"खात्याला कळवणार असं म्हणाली का?"

"मला विचारलं तिने, कळवू का म्हणून."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

मॅव्हिसने हा प्रश्न हिशेबात धरला नव्हता. मायक्रोवेव्हमध्ये कुणाचं तरी पाणी गरम होत होतं, काचेमागे कप गोल फिरत होता. मी म्हटलं, तुझं तू बघ. असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, जाऊन सांग, असंही. पण ह्या माणसांशी खोटं बोलणं म्हणजे गुन्हा, आणि गप्प राहण्याचं काय होतं ते तिने भोगलं होतं. त्याहून मोठं म्हणजे, तिला खोटं बोलायचंच नव्हतं. काळ्या पट्टीआड लपून तिला हे करायचं नव्हतं. सोमवारी खाली जाऊन सांगायचं आणि गुरुवारी सूप प्यायचं, हे त्या बाईला शोभलं.

"मी म्हटलं, थांब," मॅव्हिस म्हणाली. "सांगू नकोस. अगदी असं म्हटलं. लिहा."

बेल्नॅपने मान वर केली, तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "तुमचं नाव गुप्त ठेवायचं का? तशी सोय आहे."

"नको."

दुपारी साडेतीनला ती पेंटॅगॉनच्या रांगेशी आली तेव्हा लिनेट पहिलीच उभी होती, आणि ही गाडी पाहून तिचा चेहरा उजळला. ती पुढे बसली. मागे एक म्हातारा शब्दकोड्याचं पुस्तक उघडून बसला. सबंध वाट कुणी बोललं नाही. लिनेट मांडीवर हात ठेवून बसली होती, सकाळसारखी चुळबुळ नव्हती, आणि मॅव्हिसला ते खटकलं. खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या बाईने असं निवांत बसावं? वुडब्रिजच्या पार्किंगमध्ये म्हातारा उतरून आपल्या गाडीकडे गेला. लिनेट बसूनच राहिली.

"मी सांगून टाकलं," ती म्हणाली.

"काय?"

"तू रागावू नकोस. तू चांगल्यासाठीच म्हणालीस. पण मला राहवेना. अकराला गेले सुरक्षा अधिकाऱ्याकडे आणि सगळं ओकले. नवा पोरगा आहे, भला आहे. म्हणाला, स्वतःहून आलात ते बरं केलंत, हप्ते बांधून घ्या, कागद जोडा, बहुतेक निभावेल." ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. "निभावेल म्हणाला गं."

नऊ वर्षं! नऊ वर्षांनी हातात आलेला डाव ह्या बाईने एका दुपारी उधळला, आणि तोही शहाणपणा करून, जो तिने मॅव्हिसला करू दिला नव्हता. मॅव्हिस समोरच्या कुंपणाकडे बघत राहिली.

"आणि काळजी करू नकोस," लिनेट डोळे पुसत म्हणाली. "तुझं नाव नाही आणलं मी. त्याने विचारलं, ह्याआधी कुणाशी बोललात का, कुणी गप्प राहा म्हणालं का. मी म्हटलं, कुणाशीच नाही. लिहून घेतलं त्याने, मी खाली सही केली. तुझं एकदा वाटोळं झालं तेवढं पुरे. तेवढं तरी मी तुझं देणं लागते."

मॅव्हिसला ते दोन कागद डोळ्यांपुढे दिसले, एक दहाचा, एक अकराचा. आठ-पंधरा दिवसांत ते कुठल्या तरी टेबलावर एकमेकांना भेटतील. एकावर लिहिलेलं असेल, मी तिला थांब म्हणाले; दुसऱ्यावर, कुणी काही म्हणालं नाही, आणि खाली लिनेट प्रुइटची सही. कर्ज ते सोडतील. सही सोडणार नाहीत. काही करायचंच नव्हतं. नुसतं, बरं झालं, ये आता, असं म्हणून घरी जायचं आणि वाट बघायची. तिला आनंद झाला, हे खरं आहे. इतका झाला की हिरड्या दुखाव्यात असे तिने दात आवळले. आणि त्या आनंदाच्या तळाशी लगेच दुसरं काहीतरी ढवळलं. ही बाई बुडणार, पण कशी बुडणार? मैत्रिणीला वाचवताना. बिल्ला काढून घेतील तेव्हा ती मनात म्हणेल, मी मॅव्हिसचं नाव घेतलं नाही, मी माझं देणं फेडलं. मरेपर्यंत ती स्वतःला चांगली समजेल. आणि कुणी मारलं हे तिला कधी कळणारच नाही! बेल्नॅप कागदावर नाव ठेवेल, पण ते कागद कोण मागवतंय? लिनेट मॅव्हिसच्या दारात केक घेऊन येईल. रडेल. मॅव्हिसला तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागेल. ह्या विचाराने मॅव्हिसच्या अंगाचा असा तिळपापड झाला की तिने किल्ली फिरवून गाडीच बंद केली.

"पहिल्या गुरुवारी तू मला थांब म्हणालीस," ती म्हणाली, "आणि सोमवारी खाली जाऊन सांगितलंस."

लिनेटचा हात रुमालासकट हवेत राहिला.

"फाईल मागवली मी. सात वर्षांपूर्वी. तुझं नाव झाकलं होतं, सूप झाकायचं राहिलं."

"मॅव्हिस, मी..."

"थांब, माझं व्हायचंय. आज सकाळी मी तुला थांब म्हणाले ते मुद्दाम. तुझं भलं व्हावं म्हणून नाही. तू बुडावीस म्हणून. आणि दहा वाजता तुझ्या चौकशीचा माणूस माझ्यासमोर बसला होता. त्याला मी सगळं सांगितलं, थांब म्हणाले तेही सांगितलं. तू अकराला सही केलीस की कुणी काही म्हणालं नाही. आता बस जुळवत."

लिनेटने जुळवलं. ती हुशार होतीच. एकोणीस वर्षं मॅव्हिसने तिच्याशेजारी बसून पाहिलं होतं, तिला कुठलीच सावली फार वेळ चकवत नसे. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मॅव्हिसने नजर हलवली नाही. हेच पाहायला ती इतकी वर्षं सकाळी उठत होती. ते तिने पोटभर पाहिलं.

"मग हे मला का सांगतेस?" लिनेट म्हणाली. "गप्प बसली असतीस तर झालंच होतं."

"तुला कळायला पाहिजे होतं. दुसरं काही नाही. दयामाया आहे असं समजू नकोस. मला वाचवताना बुडाले, हे पुण्य मी तुला मिळू देणार नाही. उद्या आठच्या आत त्या पोराकडे जा, म्हण, काल मी खोटं सांगितलं, मॅव्हिस टॉलिव्हर म्हणाली होती थांब. तुझ्या तोंडाने म्हण. माझं आडनावही नीट सांग, दोन एल आहेत. ते तुझ्या सहीने त्या कागदावर गेलं पाहिजे."

लिनेटने माफी मागितली नाही, आणि मागितली असती तर मॅव्हिसने तिला तिथेच उतरवलं असतं. तिने पट्टा सोडला. पर्स काखेत धरली. दार उघडून एक पाय बाहेर टाकला आणि तशीच पाठमोरी बसून राहिली. पार्किंगमध्ये गाड्या सुरू होत होत्या, माणसं एकमेकांकडे न बघता आपापल्या वाटेने घरी निघाली होती.

"आठच्या आत पोचायचं म्हणजे," ती न वळता म्हणाली, "माझ्याकडे गाडी नाही. तू सकाळी किती वाजता निघतेस?"

मॅव्हिसला वाटलं आपण किंचाळणार. ती किंचाळली नाही.

"पावणेसहा," ती म्हणाली. "रांगेत उभी राहा. नंबर लागला तर बसशील."